आश्रुबा मिस्त्रीचा अशोक

आश्रुबा मिस्त्रीला मनानं चेहरा काढता येत नाही. हे आता सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक झालंय आणि तो स्वतःच हसत हसत सांगतो, तेव्हा आपण तरी कशाला झाकून ठेवायचं? कमान सांगा, वेलबुट्टी सांगा, कळसाखालचं कमळ सांगा, सिमेंटात असं उतरवील की बघणाऱ्याला हात लावून बघायचा मोह व्हावा. पण माणसाचं तोंड म्हटलं की त्याला कुणीतरी डोळ्यांनी बघितलेलं माणूस लागतं. एका गावात त्यानं बुद्धाची मूर्ती केली, तर तिला तिथल्या पोस्टमनचं तोंड आलं. पोस्टमन शांत स्वभावाचा होता म्हणून निभावलं. तो बिचारा अजूनही त्या मूर्तीपुढून जाताना सायकलवरून खाली उतरतो.

चुडाव्याच्या स्टेशनात उतरून रुळाच्या कडेनं अर्धा तास चाललं की आश्रुबाचं गाव लागतं. बाप दुसऱ्याच्या शेतात सालानं राबला. आश्रुबा चौथीतून उठला आणि चौदाव्या वर्षी पूर्ण्याला एका बुजुर्ग उस्तादाच्या हाताखाली गेला. उस्ताद एकाच थापीनं मशिदीचे मिनार करायचा, देवळाचे कळस करायचा आणि शाळेची फाटकंही करायचा. पोरगं हातात थापी घेऊन विचार करत बसलं की तो खेकसायचा, "सिमेंट सूखने के पहले हाथ कू समझना, बेटा. सर कू बाद में समझा तो बी चलता." आश्रुबानं ते असं काही मनावर घेतलं की चाळीस-बेचाळीस वर्षं त्याचा हात पुढे आणि डोकं मागे, अशीच त्याची गाडी चालली. लग्न झालं, घर झालं, पोरगी साक्षी शिकून पाथरीकडं एका शाळेत मास्तरीण झाली. कुणाचं काही अडलं नाही.

अडलं ते या विहाराच्या भिंतीवर.

गावात नवं बुद्धविहार झालं. समितीचा अध्यक्ष सिद्धोधन, तहसीलमधून रिटायर झालेला कारकून, भला माणूस पण काळजीचं यंत्र. त्याच्या मनात आलं की पुढच्या भिंतीवर सम्राट अशोकाचं चरित्र उठावाच्या चित्रांत असावं. सात चित्रं, आणि उद्घाटन अशोक विजयादशमीला. काम अर्थातच गावच्या मिस्त्रीला. आश्रुबानं हो म्हणून टाकलं आणि मग घरी येऊन पोरीला फोन लावला, कारण अशोकाचे सिंह सोडले तर त्याला त्या राजाचं काडीचंही काही माहीत नव्हतं.

मग दर रविवारी फोनवर शाळा भरायला लागली. फोन सिमेंटच्या पोत्यावर ठेवायचा, आवाज मोठा करायचा आणि हात चालू ठेवून ऐकायचं.

"बाप बिंदुसार," साक्षी सांगायची. "अशोक अंगानं खरखरीत होता म्हणे, म्हणून बापाला आवडायचा नाही. अशी दंतकथा आहे."

"मग कामं कुनाला सांगायचा?"

"त्यालाच. तक्षशिलेला बंड झालं तेव्हा मोडायला त्यालाच धाडलं."

"आसंच आसतंय," आश्रुबा म्हणाला. "पुढं?"

"पुढं गादीसाठी नव्व्याण्णव भाऊ मारले म्हणतात. पण ते जुन्या गोष्टींतलं, इतिहासवाले एवढं धरत नाहीत."

"मग मी बी धरत न्हाई. नव्व्याण्णव तोंडं आनू कुठून?"

कलिंगाचं मात्र तिनं नीट सांगितलं. एक लाख माणूस मेलं, दीड लाख माणूस धरून नेलं. एवढा जिंकला आणि मग बसून रडला. आश्रुबाचा हात त्या रविवारी थांबला होता, असं साक्षी नंतर म्हणाली, कारण फोनमधून थापीचा आवाज येईना.

दोन महिन्यांत भिंत भरली. बिंदुसाराचा दरबार झाला, तक्षशिला झाली, राज्याभिषेक झाला. मधोमध चौथं चित्र कलिंगाचं, मागं जळणारं नगर आणि पुढं उभा राजा. पाचव्यात तोच राजा, तलवार खाली ठेवलेला. सहाव्यात विहिरी, वडाची रोपं, माणसांचा दवाखाना आणि शेजारी बैलाच्या पायाला पट्टी बांधणारा वैद्य. त्या बैलावर तर सारा गाव खूश होता. सातव्यात राजाची लेक संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन नावेत पाऊल टाकतेय. सगळं झालं, पण एकालाही तोंड नव्हतं. मिस्त्रीची पद्धतच ती, आधी सगळी अंगं आणि शेवटी एका दमात तोंडं. जाणारा येणारा विचारायचा, "मिस्त्री, राजा बिनतोंडाचाच राज्य करनार का?" आणि मिस्त्री मिशीत हसायचा.

दसरा पाच दिवसांवर आला तेव्हा त्यानं पांढरं सिमेंट कालवलं, दोन पिंपांवर फळी टाकली आणि मधल्या चित्रापासून सुरुवात केली. कलिंगाचा अशोक रागीट पाहिजे होता. रागीट माणूस म्हणून आश्रुबानं सगळे आठवून बघितले, मानवतच्या गाडीचा कंडक्टर आठवला, मेव्हणा आठवला. मेव्हण्याचा राग खरा वाटेना. मग नेहमीप्रमाणे त्यानं डोकं बाजूला ठेवलं आणि हाताला मोकळं सोडलं. तासाभरात तोंड झालं. आवळलेला जबडा, जाड भुवया, डाव्या गालावर खोल वळी. खाली उतरून, चार पावलं मागं जाऊन त्यानं बघितलं आणि स्वतःवरच खूश झाला. झकास जमलं, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात त्याची माय भाकरी घेऊन आली. दगडाबाई, पंच्याऐंशीच्या पुढची, पण पोराची भाकरी दुसऱ्या कुणाला आणू देत नाही. तिनं मान वर करून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हा व्यंकटराव हाय," ती म्हणाली. फडक्यातली भाकरी पिंपावर ठेवली आणि आली तशी परत गेली.

आश्रुबानं परत बघितलं. खरंच व्यंकटराव होता.

व्यंकटराव म्हणजे गावचा बडा जमीनदार, आता वारून पंधरा वर्षं झाली. विद्यापीठाच्या नामांतराच्या धामधुमीत आश्रुबा नऊ-दहा वर्षांचा होता. एका संध्याकाळी आश्रुबाच्या वस्तीतल्या कडब्याच्या गंजीला आग लागली, गंजीवरून झोपडीला लागली. लावणारे कोण ते सगळ्यांनी बघितलं आणि साक्ष कुणी दिली नाही. शेळी दाव्याला बांधलेली होती. दगडाबाई ती सोडवायला आत शिरली. शेळी सुटली, पण दगडाबाईच्या डाव्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटली, ती आजतागायत तशीच आहेत. आणि व्यंकटराव रस्त्यावर उभा होता. बोलला नाही, हलला नाही, नुसता जबडा आवळून जाळ बघत होता. पोरगं मायच्या मागं उभं राहून त्याच्याकडं बघत होतं. तेच तोंड इतकी वर्षं आश्रुबाच्या अंगठ्यात बसलेलं होतं आणि त्याचा त्याला पत्ता नव्हता.

दुपारपर्यंत वस्तीभर झालं. सिद्धोधन घामाघूम होत आला.

"हे काय करून बसलास बाबा? आपली वाट कुठून हाय, माहीत हाय ना?"

माहीत कसं नसेल? विहाराला येणारी वाट व्यंकटरावाच्या पोराच्या, आबासाहेबांच्या बांधावरून होती. कागद नाही, पत्र नाही. दोन वर्षांपूर्वी आबासाहेबांनी भाऊबंदांचं न ऐकता तोंडी सांगितलं होतं, जावा तिकडून. उद्घाटनाला त्यांना बोलावलेलंही होतं. आता त्याच माणसाच्या बापाला लाख माणसं मारताना भिंतीवर काढून ठेवलेलं. पोरं म्हणाली, राहू द्या, खरं तेच हाय. म्हातारे म्हणाले, खरं हाय म्हून काय गाव पेटवायचं? दोन्ही बाजूंनी आवाज चढले आणि मध्ये आश्रुबा, ज्यानं हे मुद्दाम केलेलंच नव्हतं. पण मुद्दाम केलं नाही हे सांगायचं तरी कुणाला आणि पटायचं तरी कुणाला?

"उद्या सकाळी फोडतो," तो म्हणाला.

घरी गेला तर दगडाबाई भिंतीकडं तोंड करून पडलेली. पुढ्यात ताट तसंच. "माय, मला कळलंच न्हाई," तो म्हणाला. ती म्हणाली, "तुला कशाला कळंल. तू ल्हान होतास." एवढंच बोलली. दोन घास खाऊन उठली. आश्रुबाला वाटलं की गावाचं जे व्हायचं ते होईल, पण इतक्या वर्षांनी आपण आपल्याच हातानं मायपुढं तो माणूस परत आणून उभा केला. एवढं वाईट त्याला बाप गेला तेव्हाही वाटलं नव्हतं.

सकाळी छिन्नी-हातोडा घेऊन तो फळीवर चढला. पांढरं सिमेंट दगडासारखं धरलेलं. छिन्नी गालावर टेकवली आणि मागून आवाज आला.

"थांब रं मिस्त्री."

आबासाहेब होते. एकटेच, डोक्याला रुमाल, हातात काठी, बांधावरून चालत आलेले. आता यांचंही वय सत्तरीला टेकलंय. जय भीम म्हणायचं की राम राम, हेच आश्रुबाला ठरवता येईना.

"खाली ये. मला बगू दे."

तो उतरला. आबासाहेब भिंतीजवळ गेले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"आमचे नानाच हायेत," आबासाहेब म्हणाले.

"आबासाहेब, मुद्दाम न्हाई केलं. आईची आन. मला मनानं तोंड काढता येत न्हाई, हात जे बगितलेलं आसतंय तेच काढतो. आत्ता फोडायलोच होतो."

"ते फोडायचं मागून बगू. ही कथा काय हाय, ते सांग आदी. लोक मला आर्धंच सांगायलेत."

सांगावंच लागलं. आश्रुबा पहिल्या चित्रापाशी गेला आणि साक्षीनं फोनवर सांगितलेलं त्यानं आपल्या भाषेत सांगायला घेतलं. नावडता पोरगा. बंड मोडायला धाडलेला. मग राजा झालेला, आणि असा राजा की लोक त्याला चंड म्हणायचे. बोलता बोलता चौथ्या चित्रापाशी आला आणि त्याचा आवाज बारीक झाला.

"हे कलिंग. लाख माणूस मेलं. त्याच्या दीडपट धरून नेलं."

"मग?"

"मग राजाला लय पस्तावा झाला. तसं त्यानं दगडावर कोरून ठिवलं."

आबासाहेबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "कुनी कोरलं? त्याच्या दुश्मनानं?"

"न्हाई. तेनंच कोरून घेतलं. आपल्याच नावानं. मला दुःख झालं म्हून."

"राजानं सोता?"

"व्हय."

शेजारच्या बाभळीवर साळुंक्या भांडत होत्या. आबासाहेब सिमेंटच्या पोत्यावर बसले. असे बसले, जणू ते त्यांच्याच ओसरीवरचं घोंगडं आहे.

"आमच्या नानांनी कधीच म्हनलं न्हाई," ते म्हणाले. "शेवटची दोन वर्सं आंथरुनात होते. अर्धांग. सांज झाली की वरडायचे, गंजी जळायलीय, इझवा, इझवा. आमी म्हनायचो भ्रमिष्ट झालेत. बायका पानी आनून दाखवायच्या, हे बगा नाना, इझली. तरी वरडायचे." त्यांनी नाक शिंकरलं. "मला माहीत होतं कोनची गंजी. घरात दुसऱ्या कुनाला मी सांगितलं न्हाई. आज तुला सांगायलोय."

व्यंकटरावालाही ती आग सुटली नव्हती, हे आश्रुबाच्या स्वप्नातही कधी आलं नव्हतं. त्याच्या मनातला व्यंकटराव रस्त्यावर उभा राहून जाळ बघायचा, तिथून पुढं कधी घरी गेलाच नव्हता.

आबासाहेबांनी काठीनं पाचवं चित्र दाखवलं, तलवार खाली ठेवलेला, बिनतोंडाचा. "हा कोन?"

"तोच की. अशोक."

"तोच? दुसरा राजा न्हाई आला?"

"न्हाई, तोच मानूस."

"मग तोंडबी तेच पायजे ना?"

आश्रुबाला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यानं हातातली छिन्नी खाली ठेवली.

"मदलं फोडू नको," आबासाहेब म्हणाले. "ते जे झालं ते झालं, ते फोडून न झाल्यासारखं व्हनार हाय व्हय? पर पुडच्यातबी नानाच काड. जित्तेपनी त्यायला तितवर जाता आलं न्हाई. भिंतीवर तरी जाऊ दे." मग एकदम कडक आवाजात म्हणाले, "आन् लोकांची फिकीर करू नको. कुनी बोललं तर माझ्याकडं धाड."

काय सांगू, आश्रुबाला त्या घडीला कसं वाटलं. रडावं की हसावं हे कळेना. डोक्यावरचं पोतं कुणी उतरून घ्यावं आणि मान आपोआप वर यावी, तसं झालं. त्यानं पांढरं सिमेंट कालवायला घेतलं आणि कालवता कालवता त्याच्या ध्यानात आलं की आता खरी पंचाईत आहे.

"आबासाहेब, मी तुमच्या नानांना आसं कधी बगितलंच न्हाई."

"कसं?"

"पस्तावलेलं."

आबासाहेबांनी त्याच्याकडं बघितलं. तेच कपाळ, त्याच जाड भुवया, डाव्या गालावर तीच वळी. पण डोळे लाल, ओले, आणि जबडा सैल पडलेला. आश्रुबाच्या अंगठ्याला कंड सुटला.

"तुमी आसंच बसा," तो म्हणाला. "हलू नका."

"किती येळ?"

"तासभर. तोंड इकडं ठिवा. आन् डोळे पुसू नका तेवडे."

"हुकूमच करायला लागलास की," आबासाहेब म्हणाले, पण हलले नाहीत.

थोड्या वेळात वस्तीतली माणसं गोळा झाली. सिद्धोधन धावत आला तो भांडण सोडवायच्या तयारीनं, आणि बघतो तर आबासाहेब सिमेंटच्या पोत्यावर उन्हात बसलेले आणि मिस्त्री फळीवरून त्यांना दटावतोय, मान खाली घालू नका म्हणून. मग सिद्धोधनानं आपली छत्री उघडून आबासाहेबांच्या डोक्यावर धरली. आश्रुबा लगेच ओरडला, "सावली पाडू नका!" तेव्हा पहिल्यांदा सगळे हसले, आबासाहेब सुद्धा, आणि राजाचा वरचा ओठ परत करावा लागला.

हात चालू असताना आबासाहेबांनी तोंड न हलवता विचारलं, "पुडं काय झालं त्या राजाचं?" मग आश्रुबानं वरूनच सगळं सांगितलं. रस्त्यारस्त्याला झाडं लावली, विहिरी खणल्या, जनावरांना औषधं केली, शिकार सोडली. पोरगा आणि पोरगी दोन्ही लांबच्या मुलखात धाडली, लढायला नाही, शिकवायला. शेवटी म्हणे कारभाऱ्यांनी सगळं हातातून काढून घेतलं, अर्धा आवळा राहिला होता, तोही त्यानं भिक्खूंना देऊन टाकला. "आर्धा आवळा," आबासाहेब म्हणाले.

बाकीची तोंडं त्यानं पुढच्या तीन दिवसांत केली. संघमित्रेला साक्षीचं तोंड आलं, ते त्यानं मुद्दाम केलं असं लोक म्हणतात. तो म्हणतो, हातानं केलं. मात्र माय घरात दोन घासांवर उठत होती आणि भिंतीकडं फिरकली नव्हती. पाचव्या चित्राचं आश्रुबानं तिला सांगितलं, तर ती म्हणाली, "बगंन दसऱ्याला." सगळ्या गावाचं निस्तरलं, पण या एका म्हातारीचं काय होतंय याचा घोर त्याच्या जिवाला लागून राहिला.

दसऱ्याला सकाळी वंदना झाली. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, लहान पोरांच्या हातात निळे-पांढरे झेंडे. आबासाहेब पुढच्या रांगेत बसलेले. सगळं उरकल्यावर माणसं भिंतीकडं वळली आणि दगडाबाई उठली, तशी माणसं आपोआप बाजूला झाली. ती पहिल्या चित्रापासून निघाली. कलिंगापुढं आली. ती थांबली नाही, नुसती मान हलवून पुढं गेली, ओळखीच्या माणसाला रस्त्यात बघितल्यासारखी.

पाचव्यापाशी मात्र थांबली. चित्र तिच्या डोक्यापेक्षा उंच होतं. तिनं डावा हात वर केला, तीन बोटं चिकटलेला, तो राजाच्या खाली टाकलेल्या तलवारीपर्यंत पोचला. तिथंच तो तिनं टेकवून ठेवला आणि वर बघत राहिली.

"लय उशीर केलास, व्यंकटराव," ती म्हणाली.

पुढच्या रांगेतले आबासाहेब उठून उभे राहिले होते. त्यांनी हात जोडले. तिनं त्यांच्याकडं बघितलं, बस म्हणून खूण केली आणि पोराकडं वळली.

"चल रं आश्रू," ती म्हणाली, "मला भूक लागली."